हात लावू नये

आमच्या वरच्या खोलीत साडेचार वर्षं एक गृहस्थ राहिले. नाव सांगत नाही. ते आहेत अजून, नाशकातच आहेत, आणि आपलं नाव कुठे छापून आलेलं दिसलं तर दोन दिवस खोलीबाहेर पडायचे नाहीत. घरात आम्ही त्यांना 'वरचे' म्हणायचो. वरच्यांचं दूध घेऊन ठेव, वरचे आले वाटतं, असं. तोंडावर मी त्यांना भाऊ म्हणायची आणि ते मला ताई.

खोली बघायला आले तेव्हा नळाला पाणी किती वाजता येतं, ऊन कुठून येतं, यातलं काही विचारलं नाही. फरशीवर चार ठिकाणी टाच आपटली आणि म्हणाले, "खालून बीम कुठून गेलीये?"

मी म्हटलं, "बीमचं काय करायचंय? नाचणार आहात का?"

"नाही. पाणी ठेवायचंय."

"पाणी तर सगळेच ठेवतात."

"पंचवीस-तीस हंडे," ते म्हणाले. मग माझं तोंड बघून घाईने म्हणाले, "मासे आहेत थोडे. छंद."

मासे म्हणजे काय, लोक पाळतातच. मी हो म्हटलं.

सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये उभा जन्म गेलेला माणूस. लग्न केलं नव्हतं. गाव देवळ्याकडचं, भाऊ-पुतणे सगळे कांद्यात. निवृत्त झाल्यावर गावी जाऊन राहायचं तर तिथे विजेचा भरवसा नाही, आणि यांच्या संसाराला वीज लागायची चोवीस तास. लोखंडी स्टँड स्वतः वेल्डिंग करून आणला, त्यावर चार फुटी काच बसवली, आणि मग महिनाभर त्या काचेत नुसतं पाणी आणि दगड. मासा नाही, काही नाही. हे गृहस्थ रोज खुर्ची टाकून त्या दगडांपुढे बसायचे. मी म्हटलं, पैसे संपले वाटतं माशांचे.

नंतर कळलं की मासे नुसते तोंडी लावायला. खरा जीव होता कोरलवर. कोरल म्हणजे पोवळं, आणि पोवळं म्हणजे आमच्या माहितीत अंगठीतलं, मंगळ कडक असला की घालतात ते. हे तसलं नव्हतं. हे मऊ. एक होतं बैठ्या छत्रीसारखं, चांगलं बशीएवढं, वरून बारीक बारीक केस फुटल्यासारखं. एक नुसतं हाताची मूठ उघडावी-मिटावी तसं दिवसभर उघडमीट करायचं. आणि एका दगडावर शर्टाची बटणं शिवून ठेवावीत तशी हिरवी-केशरी बटणं, शंभर तरी असतील. मी बघितलं आणि म्हटलं, "झाडं छान आहेत हो."

"प्राणी आहेत ताई."

"बरं, प्राणी. टाकी छान ठेवलीत."

"टाकी गच्चीवर असते," ते म्हणाले. "हा टँक."

एवढंच बोलायचे. पण जे बोलायचे ते डोक्यात बसायचं. गावी गेले की पाणी भरायचं काम माझ्याकडे असायचं. समुद्राचं पाणी ते खोलीतच बनवायचे, निळ्या पिंपात, खास मिठाचं, मोजून. पहिल्यांदा माझ्यावर सोपवलं तेव्हा पाणी चार बोटं उतरलं होतं, आणि मी शहाणी, पिंपातलं खारं पाणी घेऊन निघाले ओतायला. फोनवर सहज बोलून गेले म्हणून बरं. पलीकडून आवाज आला, "थांबा! गोडं घाला, फिल्टरचं. पाणी उडतं, मीठ उडत नाही."

बघा, इतकी साधी गोष्ट. आयुष्यभर वरण आटलं की खारट होतं हे बघत आले, आणि तरी मला ती कोणीतरी सांगावी लागली. पाणी उडतं, मीठ उडत नाही. पुढे कितीदा तरी हे वाक्य मला भलत्याच गोष्टींवरून आठवलं आहे.

दुसरं त्यांचं म्हणणं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दिवा बदलला तर पाणी बदलायचं नाही. पाणी बदललं तर दगड हलवायचा नाही. "दोन बदलल्या की कशाने बिघडलं ते कळत नाही." मशिनवर शिकले असणार. पण त्यांनी ते अंगात मुरवलं होतं. चष्म्याचा नंबर बदलला त्या महिन्यात त्यांनी चहाची पावडरसुद्धा नेहमीचीच दुसऱ्या दुकानातून घ्यायला नकार दिला होता.

ती छत्री मधूनच रुसायची. केस आत ओढून घ्यायची, अंगावर मेणासारखा पापुद्रा धरायची, आणि आठ-आठ दिवस मेल्यासारखी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, "भाऊ, गेली वाटतं हो."

"कात टाकतेय. तिला विचारू नका काही."

"मी कशाला विचारू?"

"तुम्ही काचेजवळ तोंड नेऊन बोलता तिच्याशी. मी ऐकलंय."

आणि हात घालायचा सोहळा! त्या टँकमध्ये हात घालायचा तर आधी घड्याळ काढायचं, कोपरापर्यंत साध्या पाण्याने हात धुवायचे, साबण नाही. मग खांद्यापर्यंत येणारे रबरी हातमोजे, डोळ्यांवर कारखान्यातला जाड गॉगल. बाहेर आले की पुन्हा साबणाने घसाघसा. वीतभर पाण्यात हात घालायला हा माणूस असा तयार व्हायचा की जणू वेल्डिंगच करायचंय. माझा मुलगा हसायचा. तोही सातपूरलाच आहे, शिफ्टमध्ये. तो म्हणायचा, "काका, आमच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून या. तिथे कोणी घालत नाही, तुम्ही एकटे घाला." हे नुसते मान हलवायचे.

एकदा पाणी काढायची नळी तुंबली. मुलगा म्हणाला, द्या इकडे, आणि आपण रॉकेल ओढायचो तशी तोंडात धरली. त्या शांत माणसाने ती त्याच्या तोंडातून हिसकावली. ओठाला लागलं पोराच्या. सॉरी म्हणाले, दहा वेळा म्हणाले, बर्फ आणला. पण का, ते सांगितलं नाही.

इथेच खरी गोम होती, पण तेव्हा कळली नाही. आम्ही धरून चाललो की माणूस विक्षिप्त आहे. त्यात त्यांची ती पाटी लावायची खोड. 'हात लावू नये.' ड्रॉइंगच्या सुबक अक्षरात, पुठ्ठ्यावर. पिंपावर हात लावू नये. दिव्याच्या बटणावर हात लावू नये. इन्व्हर्टरवर, खिडकीच्या कडीवर, इतकंच काय, जिन्यात वाळत घातलेल्या छत्रीवर, पावसाच्या छत्रीवर म्हणते मी, तिच्यावरसुद्धा पाटी. इतक्या पाट्या झाल्या की आम्हाला त्या दिसेनाशा झाल्या.

टँकच्या निळ्या दिव्यावरून शेजारणी विचारायच्या, तुमच्या वरच्यांकडे संध्याकाळी काय चालतं हो? मी म्हणायची, पूजा चालते. खोटं नव्हतं ते. मी संध्याकाळी ऊद जाळला की ते खाली यायचे, दाराशी उभे राहायचे आणि विचारायचे, "ताई, धूर आज कुठल्या बाजूने जाणार आहे?" जसं काही मी त्याला तिकीट काढून देणार होते. जिन्याचं दार लावून घ्यायची मी मग.

आणि एक. समुद्रातून ओरबाडून आणलेलं ते घ्यायचे नाहीत. कोणाच्या तरी टँकमध्ये वाढलेल्याचा तुकडाच घ्यायचे, पुण्याच्या, ठाण्याच्या लोकांकडून, आणि आपलं वाढलं की तुकडा देऊन टाकायचे. "झाड नाही म्हणता, मग ही कलमंच झाली की," मी म्हटलं होतं. त्यावर पहिल्यांदा हसलेले आठवतात.

आता ती गोम सांगते.

घट बसायच्या आधी आमच्याकडे घर उलथंपालथं होतं. गोधड्या, अंथरुणं, डबे, माळ्यावरची भांडी, सगळं धुऊन निघतं. त्या वर्षी ते पुतण्याच्या घरभरणीला देवळ्याला गेले होते. मुलगा फर्स्ट शिफ्टला. मी एकटीच, पदर खोचून. मागच्या गॅलरीत त्यांची एक बादली होती, वर फळी, फळीवर पाटी. फळी उचलली तर आत दगड. तोच बटणांचा. बटणं छत्रीवर चढायला लागली होती म्हणून त्यांनी तो वाढलेला तुकडा काढून ठेवला होता. पण माझ्या डोळ्यांना काय दिसलं? एक तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारा दगड. मला वाटलं, भाऊ बिचारे म्हातारपणी घासत बसतील. भांडी उकळतेच आहे, हाही उकळून देते.

हेतू चांगला होता. चांगल्या हेतूने केलेली कामं आपण दोनदा तपासत नाही.

गोधड्या झटकल्याची धूळ येत होती म्हणून स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावलेल्या. मोठं पातेलं गॅसवर, त्यात दगड, खळखळून उकळी. नंतर तारेच्या घासणीने घासला. पुन्हा उकळला. पांढराशुभ्र निघाला हो! मला इतका आनंद झाला.

तासाभराने तोंडाला कडवट चव आली, पैसा चघळल्यासारखी. मग घसा. मग खोकला, असा की थांबेना. हुडहुडी भरली. वाटलं, धूळ गेली छातीत. काढा करून प्यायले आणि पुन्हा त्याच स्वयंपाकघरात जाऊन बसले.

ते दुपारी आले. घरभरणीचे लाडू द्यायला थेट आत आले. ओट्यावर तो पांढरा दगड, गॅसवर ते पातेलं अजून तसंच उकळतंय. ते बघितलं आणि त्यांच्या तोंडून त्यांची गावची भाषा निघाली, एरवी कधी बोलायचे नाहीत. "हाई काय शे?" मग ओरडले, "ताई, उठा! बाहेर! आधी बाहेर!" नाकाला रुमाल लावून गॅस बंद केला, खिडक्या फटाफट उघडल्या, मला दंडाला धरून अंगणात आणलं. मला वाटलं, दगड खराब केला म्हणून चिडलेत. मी म्हणतेय, "अहो भाऊ, स्वच्छ केला मी." आणि ते रस्त्यावर रिक्षाला हात करताहेत.

रिक्षा करून दवाखान्यात नेलं. मुलालाही फोन करून बोलावलं, तो कंपनीच्या कपड्यांतच आला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी छाती तपासली, घसा बघितला, म्हणाले, "आवराआवर चालली होती ना घरी? या दिवसांत रोज चार जणी येतात. धुळीची ॲलर्जी आहे. इंजेक्शन देतो, घरी न्या."

आता बघा हं. मी खाटेवर, डोळ्यांतून पाणी गळतंय, पण कान शाबूत होते. एका बाजूला माझा मुलगा उभा, एका बाजूला भाऊ. डॉक्टरांनी स्वतःच कारण दिलं होतं. यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात तर हा माणूस पटाईत.

ते म्हणाले, "धूळ नाही डॉक्टर. विष आहे." आणि मग ड्रॉइंग वाचावं तसं सांगितलं. की ही समुद्रातली बटणं आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या अंगात फार जहाल विष असतं, कुठल्यांत आहे ते डोळ्यांना कळत नाही. पाण्यात असतात तोवर काही नाही, पण दगड उकळला की ते वाफेबरोबर छातीत जातं, घासला की कातडीतून, जखमेतून. की दोन वेळा उकळलाय, दारं बंद करून, तास-दीड तास. की उतारा म्हणून औषध नाही, श्वासावर लक्ष ठेवावं लागेल, घरी पाठवू नका. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला कसं माहीत? "माझंच आहे ते," हे म्हणाले. "मला माहीत होतं. यांना मी सांगितलं नव्हतं."

हे म्हणताना ते डॉक्टरांकडे बघत नव्हते, माझ्या मुलाकडे बघत होते.

दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं मला. बरी झाले. खोकला पुढे महिनाभर होता. डॉक्टर जाताना म्हणाले, त्या गृहस्थांनी सांगितलं नसतं तर तुम्हाला मी घरी पाठवलं असतं.

घरी आले तर स्वयंपाकघर लख्ख. पातेलं, घासणी, दगड, सगळं त्यांनी हातमोजे घालून ब्लीचमध्ये बुडवून, पिशव्यांत बांधून हलवलं होतं. स्वतः जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले. मी शेजारी बसले. उभं राहवत नव्हतं.

"भाऊ, चार वर्षं हे माझ्या डोक्यावर होतं, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर खोली दिली असती तुम्ही?"

मी विचार केला. खोटं कशाला बोलू? "नसती दिली."

"तुमच्या आधीच्या घरी सांगितलं होतं," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत बाहेर काढलं. हलवताना निम्मी मेली. छत्री तेवढी ठाण्याच्या एकांच्या टँकमध्ये ठेवली म्हणून कशीबशी जगली. मग ठरवलं, आपण एकट्याने सांभाळायचं. गॉगल घालायचा, मोजे घालायचे, पाट्या लावायच्या. कोणाला कळायची गरज पडणार नाही."

मला राग आला होता आणि तो जातही नव्हता, येतही नव्हता नीट. पाट्या शंभर लावल्या, कारण एकावरही लिहिलं नाही. 'हात लावू नये' म्हटल्यावर माणूस हात लावतोच, चांगल्या मनानेसुद्धा लावतो. 'विष आहे' म्हटलं असतं तर मी त्या गॅलरीत पाय ठेवला नसता. त्यांना आपल्या जिवांची भीती होती, आणि त्या भीतीपायी आमच्या जिवाची जोखीम त्यांनी आम्हाला न विचारता आमच्यावर टाकली. आणि तरीही, गप्प राहिले असते तर खोली राहिली असती, टँक राहिला असता, हे कळत असताना तो माणूस बोलला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. मी कुठली धरू?

मुलाने एकच धरली. "काका, महिनाअखेर खोली खाली करा." मी मध्ये बोलायला गेले तर यांनीच मला थांबवलं. "तो बरोबर बोलतोय, ताई."

पण खोली शोधायला मी गेले त्यांच्याबरोबर. एकट्या पुरुषाला, तेही टँकवाल्याला, कोण दारात उभं करतं? बाई बरोबर असली की निदान पाणी विचारतात. बटणं त्यांनी पुण्याच्या एका जाणकाराला देऊन टाकली होती, पाण्यातल्या पाण्यात, नीट समजावून. राहिली होती छत्री, ती मूठ, असली गरीब जनावरं. म्हणजे आता सोपं होतं, असं मला वाटलं.

पहिली खोली इंदिरानगरला. छान हवेशीर. मालकांनी विचारलं, एकटेच का? तर हे म्हणाले, "टँक आहे. त्यात विषारी प्राणी होते, आता दिलेत, पण एखादा दगडाच्या फटीत राहिला असेल." मालकांनी आम्हाला जिन्यापर्यंत पोचवलं. दुसरी पाथर्डी फाट्याला. तिथे तर बसायच्या आधीच सांगितलं. तिसरीकडे म्हाताऱ्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, "देवीचं घर आहे, असलं नको." खाली आल्यावर मी फुटपाथवरच थांबले. माझी छाती अजून भरून यायची चालताना.

"अहो भाऊ, एखादं बटण राहिलंय की नाही ते तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"नाही."

"मग आधी खोली तर घ्या! किल्ली हातात आली की मग सावकाश सांगा. मी सांगते ना त्यांना, माणूस चांगला आहे म्हणून."

ते म्हणाले, "तुमच्याकडे किल्ली आधी घेतली होती, ताई."

मी पुढच्या पत्त्याची चिठ्ठी काढली. निघालो.

चौथी खोली सातपूर कॉलनीत, तळमजल्यावर. घरमालकीण शिवणकाम करणारी, गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. यांनी दारातूनच सुरू केलं. विष, वाफ, फट, माझं दवाखान्यात जाणं, सगळं. माझ्याकडे बोट करून दाखवलं सुद्धा. बाईंनी शांतपणे ऐकलं. तोंडातल्या टाचण्या काढून मनगटावरच्या गादीला टोचल्या. मग म्हणाल्या, "बरं. मग मी काय काय करायचं नाही, ते सांगा."

आणि आमच्या भाऊंना उत्तरच सुचेना. नकार ऐकायची तयारी करून आला होता माणूस. हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कोणी विचारलाच नव्हता.  चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले.

मी बाईंचा हात धरला आणि त्यांच्या शिलाई मशिनजवळच्या स्टुलावर बसले.

"पहिलं म्हणजे," मी म्हटलं, "दगड उकळायचा नाही."